नोंद सापडली नाही

वैजयंती निकुंभने ‘दुवा’ लिहिला तो द्राक्षांसाठी.

त्या वर्षी ती नाशिकच्या एका लहान कंपनीत प्रोग्रॅमर होती आणि पिंपळगावच्या शीतगृहांचं काम तिच्याकडे आलं होतं. निर्यातीच्या द्राक्षांच्या पेट्यांमध्ये बोटाच्या पेराएवढे सेन्सर ठेवायचे आणि त्यांनी मोजलेलं सगळं एका ठिकाणी साठवायचं. पण प्रत्येक सेन्सरचं मोजमाप वेगळं. एक फक्त तापमान सांगे, दुसरा त्याबरोबर हवेतला ओलावा, तिसरा फळांतून निघणारा वायूसुद्धा. रकाने आखलेल्या तक्त्यात अशी माहिती नीट बसत नाही. कुठे रकाना रिकामा राहतो, कुठे माहितीला रकानाच नसतो. म्हणून कंपनीनं डॉक्युमेंट डेटाबेस घेतला. त्यात रकाने नसतात. प्रत्येक नोंद आपापल्या पाकिटात राहते, आणि पाकिटात काय असावं याची कुणी सक्ती करत नाही.

अडचण अशी होती की सेन्सरमधल्या चिमुकल्या चिपला या डेटाबेसची भाषा येत नव्हती. मध्ये कुणीतरी हवं होतं. चिपकडून नोंद घेणारं, ती डेटाबेसला समजेल अशी बांधून पोचवणारं, आणि मागितली की शोधून परत आणणारं. या मधल्या प्रोग्रॅमला क्लायंट लायब्ररी म्हणतात. मोठ्या प्रोग्रॅमिंग भाषांसाठी अशा लायब्ररी तयार मिळत. त्या लहान चिपच्या भाषेसाठी कुणीच लिहिली नव्हती. वैजयंतीनं ती लिहिली, तिला ‘दुवा’ नाव दिलं आणि कंपनीच्या परवानगीनं इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली केली. कुणीही घ्यावी, वापरावी, चुकलं असेल तर दुरुस्त करावी.

लिहिताना तिनं एक निर्णय घेतला होता. नोंद फार मोठी असेल तर ती एका पाकिटात मावत नाही. तिचे तुकडे करून ठेवावे लागतात, आणि मागितल्यावर ते सगळे गोळा करून जोडावे लागतात. एखादा तुकडा वेळेत आला नाही तर? वैजयंतीनं ठरवलं, थांबायचं नाही. ‘नोंद सापडली नाही’ असं सांगून पुढे जायचं. शीतगृहाचं मघाचं तापमान उशिरा कळून कुणाला उपयोग नसतो, तेवढ्यात नवं येतंच. द्राक्षांपुरता तो निर्णय बरोबर होता.

शाल्मली तेव्हा तिसरीत होती. आईच्या मांडीवर बसून पडद्यावरच्या ओळी बघायची आणि विचारायची, “पण यात द्राक्षं कुठे आहेत?”

*

शाल्मली एकोणीस वर्षांची असताना गेली. सापुताऱ्याहून परतताना एका वळणावर समोरून ट्रक आला, त्याला चुकवताना हेमराजचा गाडीवरचा ताबा सुटला आणि गाडी खाली कोसळली. वैजयंती त्या दिवशी घरी होती. मुलगी जागीच गेली. नवरा वाचला, पण त्याच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला मार बसला.

रोजचे अनुभव पक्क्या आठवणींत बदलण्याचं काम मेंदूचा हा भाग करतो. तो निकामी झाला की जुनं सगळं शाबूत राहतं, नवं काही टिकत नाही. हेमराजला स्वतःचं लग्न आठवत होतं, पाटबंधारे खात्यातली पहिली नेमणूक आठवत होती, शाल्मलीचा बारावीचा निकाल आठवत होता. सकाळी काय खाल्लं ते मात्र दुपारी आठवत नव्हतं.

अशा माणसांसाठी नुकतंच एक यंत्र निघालं होतं. कानामागे, कातडीखाली बसवायचं, टिकलीएवढं. लोक त्याला टिकलीच म्हणू लागले होते. अनुभव घेताना मेंदूत विजेची जी नक्षी उमटते, ती टिकली टिपून घेई आणि दूरच्या एका डेटाबेसकडे पाठवी. प्रत्येक आठवण म्हणजे एक नोंद. आठवणींनाही रकाने नसतात. एकीत वास असतो, एकीत फक्त कुणाचा तरी आवाज. पुढे माणूस ती गोष्ट आठवू लागला की टिकली नोंद परत मागवी आणि तीच नक्षी मेंदूत पुन्हा उमटवी. माणसाला वाटे, आपल्याला आठवलं.

टिकलीनं हेमराज पुष्कळ सावरला. नवी माणसं ओळखू लागला, शेजाऱ्यांशी बुद्धिबळाचा अर्धवट राहिलेला डाव दुसऱ्या दिवशी पुढे खेळू लागला. एकच गोष्ट त्याच्यात राहिना.

वैजयंतीनं त्याला पहिल्यांदा सांगितलं ते दवाखान्यातच, टिकली बसवल्यावर. तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की परिचारिका धावत आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं विचारलं, “शालू आली नाही का गं भेटायला?” तिनं घरी आल्यावर पुन्हा सांगितलं. या वेळी तो ओरडला नाही. भिंतीशी बसून राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, “तिला पाणी तरी मिळालं का?” झोप झाली, आणि तेही गेलं. तिसऱ्यांदा ती सांगत होती तेव्हा त्यानं तिच्या तोंडावर हात ठेवला.

“काही गोष्टींपासून मेंदू स्वतःला वाचवतो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “राहतच नसेल तर दर वेळी त्यांना तोच घाव कशाला घालता?”

तिनं चौथ्यांदा सांगितलं नाही. शाल्मलीला पाण्याच्या शास्त्रात पुढे शिकायचं होतं, जर्मनीला जायचं होतं. वैजयंतीनं तिला ड्रेस्डेनला पाठवलं. दोघं नव्या सोसायटीत राहायला गेली, तिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं. रोज सकाळी वैजयंती शाल्मलीच्या नावानं हेमराजच्या फोनवर निरोप पाठवी. आज प्रयोगशाळेत काय झालं, कुठला ब्रेड आवडला, नदीवरच्या पुलावर किती वारा होता. मेलेल्या माणसाचा आवाज हुबेहूब काढून देणारी ॲप तेव्हा कुणालाही मिळत. तिनं ते कधी केलं नाही. लिहायचं, पण आवाज काढायचा नाही, एवढी एक मर्यादा तिनं स्वतःसाठी ठेवली होती.

“हिला फोन करायला काय होतं?” हेमराज कुरकुरायचा.

“तिला कधी आवडलंय फोनवर बोलायला?” वैजयंती म्हणायची. आणि ते खरंच होतं.

अशी दोन वर्षं गेली. रडायचं झालं की ती गाडी काढून गंगापूर धरणाकडे जायची आणि काच वर करून बसायची.

*

लिस्बनहून तक्रार आली ती ‘दुव्या’च्या सार्वजनिक पानावर. लिहिणारी मार्गारिदा नावाची प्रोग्रॅमर होती. तिच्या वडिलांना टिकली बसवलेली होती.

“बाबांना मंगळवारी कुठला मासा खाल्ला ते आठवतं,” तिनं लिहिलं होतं. “पण माझा मुलगा जन्मला ते आठवत नाही. त्यांनी त्याला हातात घेतलं होतं, तेव्हा ते रडले होते. आम्ही दर आठवड्याला जातो आणि ते विचारतात, हे कुणाचं बाळ? टिकलीत कुठकुठले खुले, ओपन सोर्स प्रोग्रॅम वापरलेत त्यांची नावं कंपनीनं जाहीर केली आहेत. त्यात तुमची लायब्ररी आहे. मी ती वाचली. मला वाटतं, दोष या ओळीत आहे.”

आपला ‘दुवा’ लोकांच्या डोक्यात जाऊन बसलाय हे वैजयंतीला माहीत नव्हतं. खुल्या लायब्ररीचं असंच असतं. कुणी घेतली ते कळवायला कुणी बांधील नसतं. टिकलीतली चिप लहान होती, आणि तिच्यासाठी दुसरं काही तयार नव्हतं.

तिनं ती ओळ उघडली. स्वतःचंच लिहिणं होतं. साधी आठवण लहान असते. पण जबर आनंदाच्या किंवा जबर दुःखाच्या क्षणी जवळजवळ सगळा मेंदू कामाला लागतो. श्वास, वास, छातीतली धडधड, हाताला जाणवलेला थंडपणा, सगळंच त्या नोंदीत उतरतं आणि नोंद अवाढव्य होते. तिचे तुकडे होतात. परत येताना शेवटचा तुकडा जरासा मागे राहतो. आणि ‘दुवा’ सांगतो, नोंद सापडली नाही.

म्हणजे जगभर टिकली लावलेल्या माणसांच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या गोष्टीच तेवढ्या परत येत नव्हत्या. जन्म येत नव्हते, मृत्यू येत नव्हते. हेमराजच्या मेंदूनं स्वतःला वाचवलं नव्हतं. त्याला तिनं तीनदा सांगितलेलं सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. ड्रेस्डेनच्या गोष्टी मात्र लहान होत्या, म्हणून त्या टिकल्या.

दुपारी इम्तियाज मुजावरचा फोन आला. इम्तियाज इचलकरंजीचा. गेली सहा वर्षं ‘दुव्या’ची देखभाल ती दोघंच करत होती. समोरासमोर कधी भेटली नव्हती. दोघांनी मंजूर केल्याशिवाय कुठलाही बदल बाहेर सोडायचा नाही, असा त्यांचा नियम होता.

“ताई, वाचलंत?”

“वाचलं.”

“मी तपासून बघितलं. त्या बाई बरोबर सांगतायत. दुरुस्ती करून ठेवलीय. सगळे तुकडे येईपर्यंत थांबायचं, मग उत्तर द्यायचं. तुम्ही नजर घातलीत की सोडून देतो.”

“जरा थांब.”

“काही चुकलंय का?”

“नाही. थांब म्हणते.”

तो थांबला. आठवडाभर त्यानं विषय काढला नाही. मग एका सकाळी पुन्हा फोन केला. “मी घाई करत नाही, ताई. पण लोकांचे निरोप यायला लागलेत. एका बाईला आपली आई गेलीय हेच माहीत नाही. ती तिच्यासाठी स्वेटर विणतेय. काय उत्तर देऊ?”

तेव्हा वैजयंतीनं त्याला शाल्मलीचं सांगितलं. अपघात झाला एवढंच त्याला ठाऊक होतं. ड्रेस्डेनचं काहीच ठाऊक नव्हतं.  त्याच्या मागे कुठेतरी यंत्रमाग चालू होते, ते तेवढे ऐकू येत राहिले.

“दादांना काहीच माहीत नाही?”

“त्याला मी हसताना बघते रे रोज.”

“मग राहू दे म्हणता?”

“तसं म्हणता येत नाही ना,” ती म्हणाली. “त्या बाईची आई गेलीय. तिनं स्वेटर का विणावा?”

तिनं त्याच दिवशी दुरुस्ती मंजूर केली. इम्तियाजनं चाचरत सांगितलं की घरच्या माणसाला आपल्या रुग्णाच्या टिकलीचं अपडेट थांबवून ठेवता येतं. “माहीत आहे,” ती म्हणाली. मंजुरी देण्याआधीच तिनं ते करून ठेवलं होतं.

मार्गारिदाचं उत्तर आलं. आजोबांनी नातवाला नावानं हाक मारली होती. तसे पुष्कळ निरोप आले. आणि एक कोरियातून आला, एका बाईचा. “माझा नवरा बरा होता. काल त्याला त्याच्या भावाचं मरण आठवलं, तेव्हापासून तो जेवला नाही. तुम्हाला हे करायला कुणी सांगितलं होतं?” वैजयंतीनं उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा घेतलं. ते कधी गेलं नाही.

*

त्यानंतर काही महिन्यांनी हेमराज जर्मन शिकू लागला. सकाळी फिरून आला की तो जेवणाच्या टेबलाशी बसून मोठ्यानं धडे गिरवायचा.

“इश बिन शाल्मलीज् फाटर,” तो म्हणाला. “म्हणजे मी शाल्मलीचा बाबा. तिच्या प्राध्यापकांना भेटल्यावर म्हणायला हवं ना.”

“भेटल्यावर?”

“दिवाळीला ती यायची नाही म्हणते. मग आपण जाऊ. मी पासपोर्टचं बघून आलोय.”

दुसऱ्या दिवशी ड्रेस्डेनहून निरोप आला की बाबा, आत्ता येऊ नका, परीक्षा आहेत, वसतिगृहात पाहुण्यांना ठेवता येत नाही. हेमराजनं तो दोनदा वाचला. त्या दिवशी त्यानं धडा गिरवला नाही. दुपारी वैजयंती भाजी निवडत होती, तिथे येऊन तो उभा राहिला.

“वैजू, एक विचारू? खरं सांगशील?”

“विचार.”

“अपघाताच्या वेळी शालू गाडीत होती का?”

तिच्या हातातली गवार तशीच राहिली. “का?”

“मला त्या दिवसाचं काही आठवत नाही. पण ती फोन करत नाही, येत नाही, मला येऊ देत नाही. गाडी मी चालवत होतो. तिला फार लागलं का तेव्हा? चेहऱ्याला वगैरे? म्हणून राग धरलाय का तिनं? तुझ्याशी बोलली असेल ती. मला सांग. मी माफी मागेन.”

वैजयंती उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. त्याला दुःख होऊ नये म्हणून तिनं मुलीला जिवंत ठेवलं होतं. ती जिवंत मुलगी आता बापाला नाकारत होती, आणि हे त्याच्या मनात घालणारी तीच होती.

ती बाहेर आली. त्याला खुर्चीवर बसवलं, स्वतः समोर बसली.

“तुझ्या टिकलीची एक दुरुस्ती राहिलीय,” ती म्हणाली. “मी मुद्दाम थांबवून ठेवलीय. ती केली की तुला काही मोठ्या गोष्टी आठवतील. तुझ्या नोंदींत त्या आहेत, पण तुझ्यापर्यंत येत नाहीत. दोष मी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये होता.”

“शालूबद्दल आहेत?”

“हो.”

“वाईट?”

“हो.”

 त्याला बरंचसं कळलंय हे तिला दिसत होतं. “मला आधी माहीत होतं हे?”

“तीनदा सांगितलंय मी तुला.”

“आणि मी विसरलो.”

“विसरला नाहीस. सांगितलं ना, येत नव्हतं.”

“आणि नको म्हटलं मी, तर?”

“तर उद्या हे बोलणंही तुला आठवणार नाही. तेही आता मोठंच झालंय. पुन्हा जर्मनचा धडा काढशील.”

हेमराजनं टेबलावर दोन्ही तळवे पालथे ठेवले. साइटवर नकाशा पसरताना तो असेच ठेवायचा. “तिचं आहे ना ते? मग ते माझंच आहे. कर.”

तिनं फोनवर अपडेट सुरू केलं. फार वेळ लागला नाही. झालं तेव्हा काहीच घडलं नाही. आठवण मागितल्याशिवाय येत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. हेमराजनं डोळे मिटले आणि हळूच, जणू शेजारच्या खोलीतल्या कुणाला विचारावं तसं विचारलं, “शालू कुठे आहे?”

या वेळी ‘दुवा’ थांबला. त्यानं एकेक तुकडा येऊ दिला.

हेमराजचा श्वास आधी बदलला. मग हात टेबलावरून खाली गेले. दवाखाना, भिंत, तिच्या तोंडावर ठेवलेला हात, तिन्ही आठवणी एकापाठोपाठ एक त्याच्यात उतरत होत्या आणि प्रत्येक वेळी ते त्याला पहिल्यांदाच कळत होतं. वैजयंतीनं हे तीनदा पाहिलं होतं, पण वेगवेगळ्या दिवशी. ती उठून त्याच्याजवळ गेली तर त्यानं हातानंच तिला दूर थांबवलं. ती थांबली.

उन्हं कलली तेव्हा तो बोलला. “नीट पोचवलंस ना तिला?”

“हो. पंचवटीत. माझा भाऊ होता बरोबर.”

“मी?”

“तू शुद्धीवर नव्हतास.”

त्यानं मान हलवली. तिनं पाणी आणून दिलं. तो घोटभर प्यायला.

“तुला दोन वर्षं होऊन गेली,” तो म्हणाला. “मला आजच कळतंय. तू कितीतरी पुढे गेली असशील.”

तो आपल्यावर ओरडेल असं तिला वाटलं होतं. किंवा निदान आता आपण दोघं असू, असंही कुठेतरी वाटलं होतं. पण खुर्चीवर बसलेला माणूस अपघाताच्या दुसऱ्या दिवशी होता, आणि तिला तो दिवस आता दुरूनच दिसत होता. त्याचा हात धरून ती परत तिथे जाऊ शकत नव्हती.

“ते निरोप तू लिहीत होतीस,” हेमराज म्हणाला.

“हो.”

“शुद्धलेखन फार नीट असायचं. मला वाटायचं, तिकडे जाऊन सुधारली.” त्यानं आपला फोन उचलून टेबलावर उपडा ठेवला. “मला ते सगळे आठवतात गं. ती पुलावर उभी राहते. तिला तो काळा ब्रेड आधी आवडला नव्हता, मग आवडायला लागला. तिची ती छत्री उडाली होती. ते काही पुसलं जात नाही. तू एकीचं दुःख केलंस, वैजू. माझ्या आज दोघी गेल्या.”

दुसरी कधी नव्हतीच, असं ती म्हणणार होती. पण तिला ते म्हणता येईना. रोज सकाळी उठल्यावर तिच्या मनात पहिला विचार यायचा तो आज शालूचं काय झालं असेल, हा. त्या मुलीची खोली तिनं पाहिली होती, तिचं सर्दीचं दुखणं काढलं होतं. दोन वर्षं एकीसाठी रडून झाल्यावर ती घरी यायची ती दुसरीच्या ओढीनं. उद्या सकाळी निरोप लिहायचा नव्हता. हे तिला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं.

“माझीही गेली ती,” वैजयंती म्हणाली. “आत्ताच.”

हेमराजनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मघापासून पहिल्यांदाच त्याला ती दिसली असावी. त्यानं शेजारची खुर्ची ओढली आणि ती बसेपर्यंत तिच्या पाठीवर हात धरून ठेवला.

“पुढे काय करणार होती ती?” त्यानं विचारलं.

“मार्चमध्ये तिचं शिक्षण संपणार होतं. मग सरहद्दीजवळच्या एका लहान गावात नोकरी. नदीचं पाणी तपासायची. जुनी सायकल घेणार होती, हिरवी.” तिनं श्वास घेतला. “एक मुलगा होता.”

“कोण?”

“तिच्याबरोबर शिकणारा. लुकास. फार कमी बोलायचा.”

“मला नाही बोलली ती.”

“सुट्टीला आली की सांगणार होती तुला,” वैजयंती म्हणाली आणि रडू लागली. हेमराजनं तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. शेजारचे काका बुद्धिबळाचा पट घेऊन आले, दोनदा बेल वाजवली, आणि थोडा वेळ थांबून परत गेले.